रत्नागिरी जिल्ह्यातील औद्योगिक वायुप्रदूषण

रत्नागिरी जिल्ह्यातील औद्योगिक वायुप्रदूषण म्हणजे महाराष्ट्राच्या कोकण विभागातील रत्नागिरी जिल्ह्यात वस्तुनिर्माण करणारे कारखाने आणि त्यांच्याशी निगडित ऊर्जाप्रकल्प यांच्यामुळे हवेत मिसळणारे धूलिकण, वायू व बाष्पे. कारखान्यांपासून होणारे प्रदूषण कालांतराने वाढते किंवा घटते. या बदलामागे प्रामुख्याने तीन कारणे असतात : एकूण उत्पादन किती होते, ते कोणत्या प्रकारच्या उद्योगांतून होते आणि प्रत्येक उद्योग कोणते तंत्र व इंधन वापरतो. कायदे, इंधनाच्या किमती, बाजारपेठ, जनआंदोलने आणि तपासणीची व्यवस्था हे घटक या तीन कारणांच्या द्वारेच परिणाम घडवितात.

रत्नागिरी जिल्ह्यात मोठे प्रदूषण-स्रोत संख्येने थोडे आहेत. त्यामुळे एखादा प्रकल्प येणे, न येणे किंवा बंद पडणे याचा येथील हवेवर होणारा परिणाम मोठ्या औद्योगिक पट्ट्यांच्या तुलनेत ठळकपणे दिसतो. १९९० च्या दशकातील तांबे शुद्धीकरण प्रकल्प, दाभोळ वीज प्रकल्प, लोटे-परशुराम येथील रासायनिक वसाहत आणि प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्प ही याची प्रमुख उदाहरणे आहेत.

## संज्ञा आणि मोजमाप

औद्योगिक वायुप्रदूषणाचा विचार करताना उत्सर्जन आणि संहती या दोन संज्ञांत फरक करावा लागतो. कारखान्याच्या धुराड्यातून अथवा अन्य मार्गाने ठरावीक काळात बाहेर पडणारे प्रदूषकाचे वजन म्हणजे उत्सर्जन; ते किलोग्रॅम किंवा टन यांत मोजतात. एखाद्या ठिकाणच्या एक घनमीटर हवेत असलेले प्रदूषकाचे प्रमाण म्हणजे संहती. ती सामान्यतः मायक्रोग्रॅममध्ये सांगतात. उत्सर्जन स्थिर असूनही वारा पडल्यास संहती वाढते, तर पावसाळ्यात ती घटते. धुराडे उंच केल्यास जवळच्या गावातील संहती कमी होते, परंतु उत्सर्जन तेवढेच राहते व ते अधिक दूरवर पसरते.

उत्सर्जनाचेही दोन प्रकार आहेत. धुराड्यातून होणारे उत्सर्जन मोजता येते व त्यावर यंत्रणा बसविता येते. नळांचे जोड, झडपा, साठवण टाक्या, उघड्यावरील कोळसा व राखेचे ढीग यांतून होणारे विखुरलेले उत्सर्जन मोजणे कठीण असते. रासायनिक उद्योगात दुर्गंधीच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारात असते.

भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोव्हेंबर २००९ मध्ये राष्ट्रीय परिवेशी वायुगुणवत्ता मानके अधिसूचित केली. औद्योगिक व निवासी क्षेत्रांसाठी समान असलेली काही मानके, प्रति घनमीटर मायक्रोग्रॅममध्ये, पुढीलप्रमाणे आहेत :

- पीएम १० (१० मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे धूलिकण) : वार्षिक ६०, चोवीस तासांची १००
- पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे धूलिकण) : वार्षिक ४०, चोवीस तासांची ६०
- सल्फर डायऑक्साइड : वार्षिक ५०, चोवीस तासांची ८०
- नायट्रोजन डायऑक्साइड : वार्षिक ४०, चोवीस तासांची ८०

जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक मूल्ये याहून कडक आहेत. त्यांनुसार पीएम २.५ ची वार्षिक संहती ५ आणि पीएम १० ची १५ पेक्षा अधिक नसावी.

## बदलाचे तीन घटक

उद्योगांच्या प्रदूषणातील बदलाचे पृथक्करण करण्याची रूढ पद्धत जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांच्या १९९१ मधील अभ्यासामुळे प्रसिद्ध झाली. उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापार कराराचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या पद्धतीत बदलाचे तीन भाग पाडतात :

- प्रमाण परिणाम : इतर सर्व गोष्टी तशाच राहून एकूण उत्पादन वाढले किंवा घटले, तर प्रदूषण त्याच प्रमाणात वाढते किंवा घटते.
- रचना परिणाम : एकूण उत्पादन तेवढेच राहून अधिक प्रदूषक उद्योगांचा वाटा वाढला, तर प्रदूषण वाढते; स्वच्छ उद्योगांचा वाटा वाढला, तर ते घटते.
- तंत्र परिणाम : तीच वस्तू तेवढ्याच प्रमाणात बनविताना इंधन, यंत्रसामग्री, प्रक्रिया किंवा धूर शुद्ध करण्याची व्यवस्था बदलल्याने प्रति एकक उत्सर्जन बदलते.

एका काल्पनिक उदाहरणाने ही पद्धत स्पष्ट होते. समजा, एका तालुक्यात वर्षाला १०० कोटी रुपयांचे उत्पादन होते. त्यातील निम्मे फळप्रक्रियेतून व निम्मे रसायनांतून येते. फळप्रक्रियेत प्रति कोटी १ टन आणि रसायनांत प्रति कोटी ५ टन प्रदूषक बाहेर पडते. तेव्हा एकूण उत्सर्जन ३०० टन होईल. दहा वर्षांनी उत्पादन १५० कोटींवर गेले, रसायनांचा वाटा ६० टक्के झाला आणि सुधारित तंत्रामुळे प्रति कोटी उत्सर्जन अनुक्रमे ०.८ व ३ टनांवर आले. आता एकूण उत्सर्जन ३१८ टन आहे.

वरवर पाहता दहा वर्षांत केवळ ६ टक्के वाढ झाली. प्रत्यक्षात प्रमाण परिणामाने १५० टनांची व रचना परिणामाने ६० टनांची भर घातली, तर तंत्र परिणामाने १९२ टनांची घट केली. हे पृथक्करण न केल्यास, सुधारणेसाठी केलेला खर्च वाया गेला असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. उलटपक्षी, एखादा कारखाना बंद पडल्यामुळे झालेली घट ही नियंत्रणाचे यश म्हणून सांगितली जाऊ शकते.

## भौगोलिक पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस सह्याद्री आहे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,२०८ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,१५,०६९ होती. जांभा दगडाचे सडे, त्यांना छेदून जाणाऱ्या नद्या व खाड्या आणि उतारावरील आंबा-काजूच्या बागा हे येथील भूरूपाचे वैशिष्ट्य आहे.

हवेतील प्रदूषकांच्या प्रसारावर या रचनेचा परिणाम होतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे व रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे किनारपट्टीवरील धूर दिवसा आतील गावांकडे सरकतो. जून ते सप्टेंबर या काळात सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे धूलिकण व विद्राव्य वायू धुऊन निघतात. हिवाळ्यात पहाटे नदीखोऱ्यांत थंड हवेचा थर साचतो आणि धूर वर न जाता खाली कोंडतो. म्हणून पावसाळ्यातील व हिवाळ्यातील मोजमापांची थेट तुलना केल्यास कारखान्यांविषयी काहीच सांगता येत नाही. तुलना वेगवेगळ्या वर्षांतील समान ऋतूंची करावी लागते.

## औद्योगिक क्षेत्रे आणि प्रमुख स्रोत

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. महामंडळाच्या जिल्ह्यातील वसाहतींत रत्नागिरीजवळील मिरजोळे व झाडगाव, चिपळूणजवळील खेर्डी व गाणे-खडपोली, देवरुखजवळील साडवली आणि खेड तालुक्यातील लोटे-परशुराम यांचा समावेश होतो.

लोटे-परशुराम ही मुंबई-गोवा महामार्गालगत खेड व चिपळूण यांच्या दरम्यान सड्यावर वसलेली रासायनिक वसाहत आहे. येथे कीटकनाशके, औषधांसाठी लागणारी मूलद्रव्ये, रंगद्रव्ये व अन्य विशेष रसायने तयार होतात. अशा उद्योगांतून बाष्पनशील सेंद्रिय द्रावके, हायड्रोजन क्लोराइड, क्लोरीन, अमोनिया व गंधकयुक्त वायू बाहेर पडण्याची शक्यता असते. वाफेसाठी वापरल्या जाणाऱ्या बॉयलरमधून धूलिकण, सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात.

रनपार-गोळप परिसरात, पावस रस्त्याजवळ, फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसी राळ बनविणारा कारखाना १९९४ पासून आहे. पीव्हीसीचा कच्चा माल असलेले व्हिनाइल क्लोराइड हे कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत असल्याने अशा उद्योगात बंदिस्त प्रक्रिया व गळतीचा शोध यांना विशेष महत्त्व असते.

जयगड येथे आयात कोळशावर चालणारा १,२०० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. ३०० मेगावॉटचे त्याचे चार संच २०१० व २०११ मध्ये सुरू झाले. अंजनवेल (ता. गुहागर) येथे वायूवर चालणारा पूर्वीचा दाभोळ वीज प्रकल्प आहे. उत्सर्जनाच्या नोंदींत वीजनिर्मिती ही वस्तुनिर्माणापासून वेगळी धरतात. तरीही कारखाना वीज ग्रिडमधून घेतो की स्वतःच्या जनित्रावर बनवितो, यावर धूर कोठे निघणार हे ठरत असल्याने दोहोंचा एकत्र विचार करणे आवश्यक ठरते.

यांशिवाय काजू प्रक्रिया, मासळी प्रक्रिया, आंब्याचा रस डबाबंद करणारे कारखाने, जहाजबांधणी व दुरुस्ती, जांभ्याच्या चिरेखाणी आणि दगडखडीचे क्रशर हे विखुरलेले लहान स्रोत आहेत. काजूच्या टरफलांत तेलाचे प्रमाण अधिक असल्याने ती उघड्यावर किंवा साध्या भट्टीत जाळल्यास दाट व झोंबणारा धूर होतो.

## बदलास कारणीभूत घटक

### उत्पादनाचे प्रमाण

प्रमाण परिणामाचे जिल्ह्यातील सर्वांत स्पष्ट उदाहरण अंजनवेलचे आहे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या पुढाकाराने उभारलेल्या दाभोळ वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. तेव्हा इंधन म्हणून नाफ्था वापरला जात होता. विजेच्या दरावरून महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी वाद होऊन २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. प्रकल्प ताब्यात घेण्यासाठी २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली व २००६ मध्ये पुन्हा निर्मिती सुरू झाली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचा पुरवठा आटल्यामुळे २०१३ मध्ये ती पुन्हा थांबली आणि २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज पुरविण्यासाठी अंशतः सुरू झाली.

या सर्व काळात अंजनवेलच्या उत्सर्जनात झालेले मोठे चढउतार प्रदूषण नियंत्रणामुळे झालेले नाहीत. करार, वायूची उपलब्धता आणि विजेचा दर यांनी ते ठरविले. नाफ्थाकडून नैसर्गिक वायूकडे झालेला बदल मात्र तंत्र परिणामात मोडतो.

लहान उद्योगांत प्रमाण परिणाम हंगामी असतो. आंबा प्रक्रिया मुख्यतः एप्रिल ते जून या काळात चालते, तर यांत्रिक मासेमारीवरील पावसाळी बंदीच्या काळात मासळी प्रक्रियेचा कच्चा माल घटतो. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे लागू झालेल्या देशव्यापी टाळेबंदीत अनेक उद्योग तात्पुरते थांबले. तो प्रमाण परिणामाचाच एक टोकाचा प्रसंग होता.

### उद्योगांची रचना

जिल्ह्यात कोणता उद्योग यावा, या प्रश्नावर गेल्या तीन दशकांत वारंवार संघर्ष झाला आहे. त्यामुळे रचना परिणामाला येथे विशेष स्थान आहे.

तांबे शुद्धीकरण प्रकल्प – स्टरलाइट कंपनीला १९९० च्या दशकाच्या आरंभी रत्नागिरी येथे तांबे वितळविण्याचा प्रकल्प उभारण्यासाठी औद्योगिक विकास महामंडळाची जमीन मिळाली होती. तांब्याच्या सल्फाइड धातुकापासून धातू काढताना मोठ्या प्रमाणावर सल्फर डायऑक्साइड तयार होतो. त्याचा हापूस बागांवर व मासेमारीवर परिणाम होईल या भीतीने स्थानिक नागरिकांनी तीव्र आंदोलन केले. १९९३ मध्ये काम थांबले व १९९४ मध्ये परवानगी रद्द झाली. त्यानंतर हा प्रकल्प तमिळनाडूतील तूत्तुक्कुडी येथे उभा राहिला. तेथेही प्रदूषणाविरुद्ध दीर्घकाळ आंदोलन झाले. २२ मे २०१८ रोजी आंदोलकांवरील पोलीस गोळीबारात १३ जणांचा मृत्यू झाला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली. रत्नागिरीपुरता विचार केल्यास सल्फर डायऑक्साइडचा एक मोठा संभाव्य स्रोत टळला; देशाचा विचार केल्यास तो केवळ स्थलांतरित झाला.

तेलशुद्धीकरण प्रकल्प – इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्तान पेट्रोलियम या सार्वजनिक कंपन्यांनी २०१७ मध्ये रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स ही संयुक्त कंपनी स्थापन केली. वार्षिक ६ कोटी टन क्षमतेचा प्रकल्प राजापूर तालुक्यातील नाणार येथे नियोजित होता. विरोधानंतर २०१९ मध्ये नाणारची भूसंपादन अधिसूचना रद्द करण्यात आली. त्यानंतर त्याच तालुक्यातील बारसू-सोलगाव परिसराचा पर्याय पुढे आला. एप्रिल २०२३ मध्ये बारसू येथील माती परीक्षणाच्या वेळी मोठे आंदोलन झाले. प्रकल्पाचे समर्थक रोजगार व स्थलांतर रोखण्याचा मुद्दा मांडतात, तर विरोधक बागायती, मासेमारी व आरोग्य यांवरील परिणामांकडे लक्ष वेधतात.

प्रकल्पांवरील स्थगिती – पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय अभ्यासासाठी केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीच्या विचारास स्थगिती देण्यात आली व पुढे तिला मुदतवाढ मिळाली. २०११ मधील अहवालात समितीने लोटे-परशुराम वसाहतीचा, मुख्यतः जलप्रदूषणाच्या अंगाने, विशेष उल्लेख केला. स्थगितीमुळे नव्या उद्योगांची भर लांबणीवर पडते. आधीपासून चालू असलेल्या कारखान्यांचे प्रति एकक उत्सर्जन मात्र तिच्यामुळे बदलत नाही.

आंतरराष्ट्रीय स्थलांतर – कडक नियमांच्या देशांतून प्रदूषक उद्योग शिथिल नियमांच्या देशांत सरकतात, या मताला अर्थशास्त्रात ‘प्रदूषण-आश्रय गृहीतक’ म्हणतात. इटलीतील व्हिचेन्झा प्रांतातील मिटेनी हा फ्लोरिनयुक्त रसायनांचा कारखाना भूजल प्रदूषणाच्या प्रकरणानंतर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री २०१९ मध्ये एका भारतीय उद्योगसमूहाने विकत घेऊन लोटे-परशुराम येथे आणली. जून २०२५ मध्ये इटलीतील न्यायालयाने मिटेनीशी संबंधित अधिकाऱ्यांना दोषी ठरविल्यानंतर या स्थलांतराकडे लक्ष वेधले गेले. यंत्रे तीच असली, तरी त्यांचे उत्सर्जन येथे कसे राहील हे सांडपाणी व धूर यांच्या प्रक्रियेवर आणि तपासणीवर अवलंबून आहे.

उलट दिशेचा रचना परिणामही शक्य असतो. २०२३ च्या अखेरीस लोटे-परशुरामच्या विस्तारित क्षेत्रात शीतपेयांच्या मोठ्या कारखान्याची पायाभरणी झाली. अशा उद्योगात हवेचे प्रदूषण मुख्यतः बॉयलरपुरते मर्यादित असते. पाण्याचा वापर हा त्याचा मुख्य पर्यावरणीय प्रश्न ठरतो.

### तंत्र आणि इंधन

धूर बाहेर पडण्यापूर्वी शुद्ध करणाऱ्या यंत्रणांत पिशवी गाळणी, चक्रावर्ती विभाजक, विद्युत-अवक्षेपक आणि फवाऱ्याच्या साहाय्याने वायू धुणारे स्क्रबर यांचा समावेश होतो. पिशवी गाळणी व विद्युत-अवक्षेपक हे धूलिकणांवर, तर स्क्रबर हे आम्लधर्मी व विद्राव्य वायूंवर परिणामकारक असतात. द्रावकांची बाष्पे थंड करून परत मिळविल्यास प्रदूषण घटते व कच्च्या मालाचीही बचत होते. त्यामुळे द्रावकांचे भाव वाढले की अशा यंत्रणेचा खर्च लवकर भरून निघतो.

इंधन हा तंत्र परिणामाचा दुसरा भाग आहे. बॉयलरसाठी कोळसा, भट्टीचे तेल, लाकूड, शेतातील अवशेषांचे ठोकळे किंवा नैसर्गिक वायू वापरता येतो. नैसर्गिक वायूपासून धूलिकण व सल्फर डायऑक्साइड नगण्य प्रमाणात निघतात. मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. दाभोळ येथील द्रवरूप नैसर्गिक वायूचे आयात केंद्र आणि दाभोळ-बंगळूर वायुवाहिनी ही दोन्ही २०१३ मध्ये कार्यान्वित झाली. वायुवाहिनीचा आरंभ जिल्ह्यात असला, तरी लहान कारखान्यांपर्यंत वायू पोहोचण्यासाठी वितरणाचे जाळे व परवडणारा दर या दोन्ही गोष्टी लागतात. आंतरराष्ट्रीय बाजारात वायू महाग झाला की कारखाने पुन्हा स्वस्त घन इंधनाकडे वळू शकतात. म्हणजेच तंत्र परिणाम उलटही फिरू शकतो.

### कायदे आणि नियमन

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना १९७० मध्ये जलप्रदूषणविषयक कायद्यान्वये झाली. वायु (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ मुळे हवेचे प्रदूषणही मंडळाच्या कक्षेत आले. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ संमत झाला. मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना १९९४ मध्ये निघाली व २००६ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली.

कारखान्याला उभारणीपूर्वी ‘स्थापनेची संमती’ व उत्पादनापूर्वी ‘चालविण्याची संमती’ मंडळाकडून घ्यावी लागते. संमतीपत्रात धुराड्याची उंची, इंधनाचा प्रकार व उत्सर्जनाच्या मर्यादा नमूद असतात. २०१६ मध्ये केंद्रीय मंडळाने प्रदूषण निर्देशांकावर आधारित वर्गवारी केली. तीनुसार ६० व त्याहून अधिक गुणांचे उद्योग लाल, ४१ ते ५९ नारंगी, २१ ते ४० हिरव्या आणि २० पर्यंतचे पांढऱ्या वर्गात येत होते. कीटकनाशकांसारखे रासायनिक उद्योग लाल वर्गात मोडतात.

उत्सर्जनाची मर्यादा सामान्यतः प्रति घनमीटर धुरातील वजनावर ठरते, एकूण टनांवर नव्हे. त्यामुळे वसाहतीतील प्रत्येक कारखाना मर्यादेत असूनही कारखान्यांची संख्या वाढल्यास एकूण प्रदूषण वाढू शकते. नियमन तंत्र परिणामावर लागू होते, प्रमाण परिणाम त्याच्या कक्षेबाहेर राहतो, ही या पद्धतीची मूलभूत मर्यादा आहे.

नियम सैल होण्याचेही परिणाम होतात. औष्णिक वीज केंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडची मानके प्रथमच लागू झाली, परंतु त्यांच्या मुदती अनेकदा वाढविण्यात आल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना गंधक काढण्याची यंत्रणा बसविण्यातून सूट देण्यात आली.

### तपासणी आणि माहिती

नियम असणे व ते पाळले जाणे यांत अंतर असते. अत्यंत प्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रणा बसविण्याचे निर्देश केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये दिले. जून २०१७ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने धूलिकण उत्सर्जनाच्या आधारे कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते गुण लोकांसमोर मांडणारा कार्यक्रम सुरू केला.

गुजरातमधील दोन प्रयोग या संदर्भात महत्त्वाचे मानले जातात. पूर्वी कारखाना स्वतःच पर्यावरण लेखापरीक्षक निवडून त्याचे शुल्क देत असे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांच्या अभ्यासात परीक्षक चिठ्ठी पद्धतीने नेमून त्यांचे शुल्क सामायिक निधीतून दिले गेले. तेव्हा अहवाल अधिक खरे आले आणि कारखान्यांनी प्रदूषणही घटविले. सुरत येथे २०१९ मध्ये धूलिकण उत्सर्जनाच्या परवान्यांची बाजारपेठ सुरू झाली. तीत सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. या पद्धतीत एकूण टनांवर मर्यादा असल्याने प्रमाण परिणामही नियंत्रणाखाली येतो.

## इतरत्र झालेले अभ्यास

अमेरिकेतील वस्तुनिर्माण उद्योगांचे उत्पादन वाढत असताना त्यांचे प्रदूषण घटले. याचे कारण प्रदूषक उद्योग परदेशी गेले हे आहे की तंत्र सुधारले हे आहे, असा प्रश्न होता. अरिक लेव्हिन्सन यांनी १९८७ ते २००१ या काळाचा अभ्यास करून २००९ मध्ये दाखविले की घटीचा मोठा भाग तंत्र परिणामाचा होता आणि आयातीमुळे झालेल्या रचना बदलाचा वाटा तुलनेने लहान होता. जोसेफ शपिरो व रीड वॉकर यांनी २०१८ मध्ये १९९० ते २००८ या काळातील सुमारे ६० टक्के घटीचे मुख्य कारण कडक होत गेलेले नियम हे असल्याचे मांडले.

हे निष्कर्ष हजारो कारखाने असलेल्या देशाचे आहेत. तेथे एका कारखान्याच्या जाण्यायेण्याने सरासरी हलत नाही. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात थोडे मोठे स्रोत असल्याने रचना व प्रमाण परिणाम अचानक व मोठ्या टप्प्यांनी प्रकट होतात, तर तंत्र परिणाम कारखान्यागणिक हळूहळू साठत जातो.

## परिणाम

सूक्ष्म धूलिकण फुप्फुसांत खोलवर जाऊन श्वसनाचे व हृदयाचे विकार वाढवितात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाह्य वायुप्रदूषणाचा समावेश मानवी कर्करोगास कारणीभूत घटकांच्या पहिल्या गटात केला. सल्फर डायऑक्साइडमुळे दमा असलेल्यांना अल्प काळातही त्रास होऊ शकतो.

जिल्ह्यात शेतीवरील परिणामांची चर्चा हापूस आंब्याभोवती केंद्रित असते. उत्तर भारतात वीटभट्ट्यांच्या धुरामुळे आंब्याच्या फळाला ‘काळे टोक’ हा विकार होतो, हे दीर्घकाळापासून ज्ञात आहे. हापूसमधील ‘साका’ हा विकार मात्र त्याहून वेगळा असून संशोधकांनी त्याचा संबंध जमिनीतून परावर्तित होणारी उष्णता व फळातील बाठ्याची शरीरक्रिया यांच्याशी जोडला आहे. म्हणून फळाच्या प्रत्येक विकाराचे कारण धूर मानणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरत नाही. जयगड प्रकल्पाच्या वेळी बागांवरील संभाव्य परिणामाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता आणि दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अभ्यासाचा विषय झाला होता.

नेहमीच्या उत्सर्जनापेक्षा दुर्घटनांचे स्वरूप निराळे असते. २०२१ मध्ये लोटे-परशुराम येथे रासायनिक कारखान्यांत स्फोट व आगीच्या प्राणघातक घटना घडल्या. डिसेंबर २०२४ मध्ये जयगड परिसरात झालेल्या वायुगळतीमुळे जवळच्या शाळेतील अनेक विद्यार्थ्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशा घटना वार्षिक सरासरीत जवळजवळ दिसत नाहीत. त्यामुळे केवळ सरासरी आकड्यांवरून एखाद्या वसाहतीची सुरक्षितता ठरविता येत नाही.

## मूल्यमापनातील अडचणी

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर, कोल्हापूर आदी शहरांचा समावेश आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एकही शहर त्यात नाही. हा कार्यक्रम शहरकेंद्रित असल्याने ग्रामीण भागातील औद्योगिक वसाहती त्याच्या दृष्टिक्षेपाबाहेर राहतात.

एखाद्या वसाहतीतील प्रदूषण का बदलले हे ठरविण्यासाठी किमान तीन प्रकारची माहिती सलग काही वर्षे लागते : प्रत्येक उद्योगप्रकाराचे उत्पादन, वापरलेल्या इंधनाचा प्रकार व वजन आणि मोजलेले उत्सर्जन. हवेच्या संहतीची नोंद ही यांना पूरक असते, पर्याय नव्हे. महामार्गावरील वाहने, चौपदरीकरणाच्या कामाची धूळ, वणवे आणि भाजावळ यांचाही हवेत वाटा असतो. म्हणून धूलिकणांची रासायनिक घडण तपासून प्रत्येक स्रोताचा वाटा ठरविणारा अभ्यास केल्याखेरीज हवेतील बदलाचे श्रेय किंवा दोष केवळ कारखान्यांकडे देता येत नाही.

## हेही पहा

- वायुप्रदूषण
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
- लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत
- दाभोळ वीज प्रकल्प
- पश्चिम घाट परिसरशास्त्र तज्ज्ञ समिती
- भोपाळ वायुदुर्घटना